अस्वस्थ जग आणि ख्रिस्ती श्रद्धा

गाझा पट्टीत ‘होली फॅमिली’ हे एकमेव कॅथलिक चर्च आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटल्यावर शेकडो निराश्रितांनी त्याच्या आवाराचा आसरा घेतला आणि पोप फ्रान्सिस जवळजवळ रोज सायंकाळी दूरध्वनी करून त्यांची विचारपूस करू लागले. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप निवर्तले. १७ जुलैला इस्रायली तोफगोळा त्याच चर्चवर येऊन आदळला. तिघे मृत्युमुखी पडले, धर्मगुरू जखमी झाले. गोळा चुकून पडल्याचे इस्रायलने सांगितले. ते काहीही असो. देवाचे घर हाच ज्यांचा शेवटचा निवारा होता, त्यांच्यावरच हा प्रसंग ओढवावा, हे वृत्त वाचून दूरदेशीचा भाविकही क्षणभर थबकतो. परमेश्वर करुणामय असेल, तर हे घडते कसे?

प्रश्न जुनाच आहे. इ. स. ४१० मध्ये अलारिकच्या व्हिसिगॉथ सैन्याने रोम लुटले, तेव्हा जुन्या देवतांचा त्याग केल्याचेच हे फळ होय, असा ठपका ख्रिस्ती लोकांवर ठेवण्यात आला. खुद्द ख्रिस्ती समाजही हादरला. कारण साम्राज्याने आपला धर्म स्वीकारल्यापासून साम्राज्याचा उत्कर्ष म्हणजेच ईश्वरी कृपा, असे समीकरण अनेकांच्या मनात रुजले होते. संत ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ हा २२ खंडांचा ग्रंथ लिहून या समीकरणावरच आघात केला. राज्ये उदयाला येतात आणि लयाला जातात. आपत्ती सज्जन-दुर्जन असा भेद करीत नाही. श्रद्धा म्हणजे संकटातून सुटका मिळण्याची हमी नव्हे, असे त्याचे प्रतिपादन होते. हे केवळ ग्रंथातले तत्त्वज्ञान राहिले नाही. ४३० मध्ये व्हँडलांनी हिप्पो नगराला वेढा घातला असताना त्याच नगरात त्याने देह ठेवला.

हा धडा मात्र वारंवार विसरला जातो. युद्ध, भूकंप वा रोगराईचे वृत्त आले, की त्यात जगाच्या अंताची चिन्हे शोधण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या भाकितावर विसंबलेले हजारो लोक २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहत राहिले. दिवस उलटला आणि अनेकांची श्रद्धाही त्याबरोबर मावळली. वास्तविक तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे येशूने शिष्यांना स्पष्ट बजावले होते. वृत्तपत्राला भविष्यपुराण मानणारी श्रद्धा वृत्तपत्राइतकीच अल्पायुषी ठरते.

याहून घातक मोह श्रद्धेला राष्ट्राच्या रथाला जुंपण्याचा. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हा रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरिल यांनी त्याची पाठराखण केली. ज्यांच्यावर बाँब पडत होते, त्यांतील बहुसंख्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्तीच होते. अशा वेळी सामान्य भाविकाची श्रद्धा बाँबने जितकी डळमळत नाही, तितकी धर्मपीठावरून उच्चारलेल्या शब्दांनी डळमळते. तथापि चर्चच्या इतिहासात प्रतिकाराची उदाहरणेही आहेत. हिटलरच्या राजवटीत १९३४ साली बार्मेन येथे जमलेल्या जर्मन प्रॉटेस्टंटांनी चर्चला राज्यसत्तेचे साधन बनविण्यास जाहीर नकार दिला. चर्चच्या चुका उघडपणे मान्य करणे हे अश्रद्धेचे लक्षण नसून अनेकदा श्रद्धेचेच कर्तव्य असते.

मग स्थैर्य कशात आहे? कान बंद करण्यात ते खचित नाही. पंडिता रमाबाईंनी आई-वडील दुष्काळात गमावले होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातील दुष्काळाच्या वार्ता आल्या, तेव्हा हा ईश्वराचा कोप की नियतीचा खेळ, याची मीमांसा करीत त्या बसल्या नाहीत. त्या तिकडे गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आणले; केडगावच्या ‘मुक्ती’ची वाढ त्यातूनच झाली. वार्तेने त्यांना खचवले नाही, कामाला लावले.

दुःखाचा प्रश्न अशा कृतीने सुटतो, असा दावा कोणी करू नये. ईयोबच्या ग्रंथातही त्याचे सरळ उत्तर नाही. तेथे दोष लागतो तो दुःखिताला सोपी उत्तरे देणाऱ्या मित्रांनाच. म्हणून शोकाला, संतापाला, एवढेच नव्हे तर परमेश्वरापुढे मांडलेल्या गाऱ्हाण्यालाही ख्रिस्ती प्रार्थनेत स्थान आहे. क्रूसाला केंद्रस्थानी मानणाऱ्या धर्माने जग निर्वेध असल्याचे आश्वासन कधी दिलेच नव्हते. वेदनेच्या जागी ईश्वर उपस्थित असतो, एवढाच त्याचा दावा आहे.

तो दावा तर्काने सिद्ध होत नाही, वर्तनाने मात्र त्याची साक्ष देता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर रिकामे करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा जेरुसलेमच्या लॅटिन व ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्मपीठांनी आपले धर्मगुरू आणि भगिनी तेथेच राहतील, असे जाहीर केले. आवारात वृद्ध होते, अपंग होते. त्यांना हलविणे म्हणजे मृत्यूच्या स्वाधीन करणे होते. श्रद्धा अविचल राहणे याचा अर्थ कोणी विचारल्यास या निर्णयाकडे बोट दाखविता येईल.