गोंग कुणाचे, नाव कुणाचे?

फिलिपिन्सच्या आधुनिक संगीतकारांविषयी लिहिताना 'देशी आणि पाश्चात्त्य परंपरांचा मिलाफ' हे वाक्य ठरलेलं असतं. ऐकायला गोड आहे. पण मिलाफ दोघांचा होतो. त्यातली पाश्चात्त्य बाजू सगळ्यांना दिसते. दुसरी बाजू नेमकी कुणाची, हा प्रश्न मात्र कौतुकाच्या ओघात राहून जातो. त्या बाजूला अनेकदा मुसलमान उभे आहेत आणि त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं, म्हणून हे लिहितोय.

थोडा इतिहास सांगणं भाग आहे. स्पेनने १५६५ पासून १८९८ पर्यंत फिलिपिन्सवर राज्य केलं, त्यानंतर १९४६ पर्यंत अमेरिकेने. स्पेनबरोबर चर्च आलं आणि चर्चबरोबर ऑर्गन, गिटार, समूहगान. अमेरिकी राजवटीत ब्रास बँड आणि संगीताची विद्यालयं वाढली. मनिला आणि आसपासच्या सखल भागातले गोंग, म्हणजे काशाच्या त्या थाळ्या, हळूहळू नाहीशा झाल्या. त्या टिकल्या उत्तरेच्या डोंगराळ भागात आणि दक्षिणेत मिंदानाव, सुलू बेटांवर, कारण तिथे स्पेनची सत्ता कधी नीट रुजलीच नाही. दक्षिणेतले मागिंदानाव, मारानाव, ताउसुग हे लोक मुसलमान. आपल्या देशात ज्या 'मूर' मुसलमानांशी स्पॅनिश लढले होते, तेच नाव त्यांनी या लोकांना चिकटवलं: मोरो. शिवीसारखं दिलेलं हे नाव पुढे मोरोंनी स्वतःच अभिमानाने घेतलं, हे वेगळं.

म्हणजे मनिलातला संगीतकार ज्याला 'आपली देशी परंपरा' म्हणतो, ती त्याच्या आजी-आजोबांच्या घरात नव्हती. ती शेजाऱ्याच्या घरात होती. आणि त्या शेजाऱ्याशी संबंध फारसे चांगले नव्हते.

होसे मासेदा (१९१७-२००४) यांच्यापासून सुरुवात करावी लागते, कारण या विषयात त्यांच्याएवढा खोल कुणी गेला नाही. मासेदा मुळात पियानोवादक. पॅरिसला जाऊन आल्फ्रेड कोर्तोंकडे शिकलेले. बीथोवेन वाजवणाऱ्या या माणसाला प्रश्न पडला की या संगीताचा नारळाशी आणि भाताशी काय संबंध? प्रश्न विचारून ते थांबले नाहीत. पन्नासच्या दशकापासून टेपरेकॉर्डर घेऊन ते गावोगाव हिंडले. त्यांनी जमवलेला ध्वनिमुद्रणांचा संग्रह आज फिलिपिन्स विद्यापीठात आहे आणि २००७ मध्ये युनेस्कोने तो जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत घेतला.

या भटकंतीतून ते काय शिकले, हे सांगण्यासाठी माझ्या वर्गातलं उदाहरण घेतो. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. मराठीने फारसीतून किती शब्द घेतले: दरवाजा, कागद, जमीन, हवा. पण वाक्य मराठीच राहिलं. शब्द उसने घेणं सोपं असतं. याच्या उलट आमची दखनी बघा. 'मैंच', 'वहींच' म्हणताना शब्द हिंदुस्तानी, पण तो ठासून बोलणारा 'च' मराठीचा. तिथे व्याकरणात शिरकाव झाला आहे. संगीतातही असंच. ऑर्केस्ट्रात एक गोंग आणून ठेवणं हा उसना शब्द झाला. गोंगवाल्यांच्या विचारपद्धतीने संगीत रचणं, हे व्याकरण.

मागिंदानाव वाद्यमेळ कसा चालतो ते पाहा. कुलिंतांग म्हणजे चौकटीवर ओळीने आडवे मांडलेले आठ छोटे गोंग, सूर त्यावर चालतो. ते परंपरेने बायकांचं वाद्य. सोबत टांगलेले मोठे आगुंग, चार गांदिंगान, ठेका धरणारा बाबांदिल आणि दाबाकान नावाचा ढोल. प्रत्येकाकडे थोडंसंच काम असतं, पण ते एकमेकांत असं गुंततं की संगीत कुणा एकाचं राहत नाही. सुरांचं ठरलेलं माप नसतं, एका घरचा संच दुसऱ्या घरच्या संचाशी जुळेलच असं नाही. युरोपीय ऑर्केस्ट्रात सगळे एका सुराला वाद्य लावून बसतात. या दोघांना एकत्र बसवायचं तर कुणीतरी माघार घ्यायला हवी, आणि बहुतेक वेळा ती गोंगला घ्यावी लागते.

मासेदांनी ती उलट बाजूने घेतली. १९६८ च्या 'पाग्साम्बा' या रचनेत २४१ कलाकार आहेत. विद्यापीठाच्या गोल चर्चमध्ये ते श्रोत्यांच्या मधोमध पसरून बसतात. कुणी बांबूच्या काठ्या वाजवतो, कुणी शिट्टीसारखी बासरी फुंकतो, कुणी आगुंग. प्रत्येकाचं काम थोडंसं. पुढे कित्येक वर्षांनी, १९९३ मध्ये, त्यांनी पाच पियानोंसाठी रचना केली. तिथे गोंग नाहीत, बांबू नाही, तरी विचार तोच. याला मी मिलाफ म्हणतो.

पण 'पाग्साम्बा' म्हणजे उपासना, आणि तिचा मजकूर आहे कॅथलिक मिसाचा, तागालोग भाषेतला. गोंग मात्र दक्षिणेचे, मोरोंच्या घरातले. मला यात वावगं काही वाटत नाही. वाद्याला धर्म नसतो, आपल्याकडे सनईने हे केव्हाच सिद्ध केलंय. अस्वस्थ करतं ते साल. मार्च १९६८ मध्ये कोरेगिदोर बेटावर लष्करी प्रशिक्षणासाठी नेलेल्या मोरो तरुणांना गोळ्या घातल्याची बातमी फुटली आणि मिंदानावमध्ये स्वतंत्र राष्ट्राची मागणी पुढे आली. पुढची तारीख आणखी बोचते. १ जानेवारी १९७४ ला, लष्करी कायदा चालू असताना आणि इमेल्डा मार्कोसच्या पाठिंब्याने, मनिलाच्या २० रेडिओ केंद्रांवरून मासेदांची 'उग्नायान' ही रचना एकाच वेळी प्रसारित झाली. लोकांनी ट्रान्झिस्टर घेऊन मैदानात जमायचं, प्रत्येकाच्या रेडिओवर वेगळं केंद्र, आणि सगळे मिळून एक वाद्यमेळ. कल्पना अफाट आहे. उग्नायान म्हणजे परस्परसंबंध. सव्वा महिन्यात, फेब्रुवारीत, लष्कर आणि मोरो बंडखोरांच्या लढाईत होलो हे ताउसुग मुसलमानांचं शहर जळून खाक झालं. मासेदांचा त्यात काही दोष नव्हता. पण ज्यांच्या गोंगवर राष्ट्राची ओळख उभी करायची होती, त्यांच्या घरांवर त्याच राष्ट्राच्या तोफा चालत होत्या, हे संगीताच्या इतिहासात वेगळ्या प्रकरणात टाकून कसं चालेल?

लुक्रेसिया कासिलाग यांनीही हा प्रयोग केला, थोडा आधी. १९५९ च्या त्यांच्या टोकाटामध्ये मोरो वाद्यं आणि पाश्चात्त्य वाद्यं शेजारी शेजारी आहेत. आकृतिबंध युरोपचा, आवाज मिंदानावचा. धाडस होतंच, पण माझ्या लेखी तो उसन्या शब्दांचा प्रकार. ज्या बायानिहान नृत्यपथकाचं संगीत त्या सांभाळत, त्याचं 'सिंगकिल' जगभर गाजलं. आपटणाऱ्या बांबूंमधून पंखा घेऊन चालणारी 'मुस्लीम राजकन्या' परदेशी प्रेक्षकांना भारी आवडली. मारानाव जाणकारांनी तक्रार केली की आमच्याकडे हे असं नसतं. तिकडे कोण लक्ष देतो?

इथे मुंबईची आठवण होते. गोव्याच्या चर्चमध्ये नोटेशन शिकलेल्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा करून त्यातून रागदारी ऐकवायचा घाट घातला. वसाहतीचं चर्च, तिथली तालीम, मग देशी संगीताची ओढ: प्रवास मनिलासारखाच. फरक एवढाच की राग शिकवणाऱ्याला इथे उस्ताद किंवा पंडित म्हणतात, त्याचं घराणं असतं, त्याचं नाव घेताना लोक कानाची पाळी धरतात. गोंग शिकवणाऱ्याला शोधनिबंधात 'माहितगार' म्हणतात.

आमच्यातल्या काहींना या सगळ्यावर वेगळाच आक्षेप असेल: मुसलमान आणि वाद्यं? मिंदानावच्या मुसलमानांनी या प्रश्नाशी शतकानुशतकं आपल्या पद्धतीने जुळवून घेतलंय. गोंग तिथे इस्लामच्या आधीपासून आहेत. ते मशिदीत वाजत नाहीत, रमजानच्या दिवसा वाजत नाहीत, सुतकात वाजत नाहीत. लग्नात वाजतात, आणि हजहून परतणाऱ्याच्या स्वागताला वाजत आले आहेत. यात कुणाला कच्चा इस्लाम दिसत असेल तर दिसो. मला यात अदब दिसते, कुठे गप्प बसायचं हे कळणाऱ्या माणसांची.

मासेदांची बाजू घ्यायची तर त्यांच्याच विद्यापीठात आगा मायो बुतोकान या मागिंदानाव बाईंनी अनेक वर्षं कुलिंतांग शिकवलं. आठ गोंगना आकडे देऊन त्यांनी स्वतःची लेखनपद्धती बसवली. हा दुसरा मिलाफ झाला: आपलं संगीत कागदावर कसं यावं हे परंपरेतल्या माणसानेच ठरवलं. याची चर्चा कमी होते. दुसरं नाव ग्रेस नोनो यांचं. त्या स्वतः लोकप्रिय गायिका, पण ज्यांच्याकडून शिकल्या त्या गाणाऱ्यांची नावं आणि आयुष्यं त्यांनी पुस्तकांत मांडली. आजच्या संगीतकारांनी एवढं केलं तरी पुष्कळ. कार्यक्रमपत्रिकेत फक्त 'मिंदानावची पारंपरिक धून' लिहून भागत नाही. ती कुणाकडून ऐकली? कुठल्या गावात? मानधन कुणाला गेलं?

सरकारी सन्मानही दोन आहेत. 'राष्ट्रीय कलाकार' या यादीत कासिलाग (१९८९), मासेदा (१९९७), रामोन सांतोस (२०१४). परंपरा सांभाळणाऱ्यांसाठी १९९२ च्या कायद्याने दुसरी यादी निघाली. रचणारे इकडे, जपणारे तिकडे. जणू जपणारा काही रचतच नाही! त्या दुसऱ्या यादीतल्या पहिल्या तिघांत, १९९३ मध्ये, एक होते सामाओन सुलैमान. नावेच्या आकाराच्या, दोन तारांच्या कुतियापीचे मागिंदानाव उस्ताद. वयाच्या तेराव्या वर्षी मामाकडून... की काकाकडून, इंग्रजीत दोघांना एकच शब्द असल्याने कळायला मार्ग नाही, ते वाजवायला शिकले. एरवी गावात लोकांचे केस कापायचे, आणि गावच्या मशिदीत इमामत करायचे. २०११ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांचं गाव मामासापानो. चार वर्षांनी त्या गावाचं नाव सगळ्या वर्तमानपत्रांत आलं, पोलिसांच्या ४४ कमांडोंचा बळी घेणाऱ्या चकमकीमुळे.