ना सरपंच, ना नगरसेवक : पुण्यालगतच्या 23 गावांची साडेचार वर्षं काय सांगतात?

पुणे : 15 जानेवारी 2026 ला पुणे महापालिकेसाठी मतदान झालं आणि 165 नगरसेवक निवडून आले. पण त्याआधी जवळपास चार वर्षं महापालिकेत लोकांनी निवडलेला एकही माणूस नव्हता. देशातल्या मोठ्या शहरात हे कसं घडलं, हे गावकऱ्यांनीही समजून घ्यायला हवं. कारण सर्वात जास्त फटका बसला तो गावांनाच.

30 जून 2021 ला वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, किरकटवाडी, खडकवासला अशी 23 गावं महापालिकेत गेली. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, सरपंचपद गेलं. मार्च 2022 मध्ये महापालिकेचीही मुदत संपली आणि आयुक्तच प्रशासक झाले. म्हणजे या गावांना साडेचार वर्षं ना सरपंच, ना स्वतः निवडलेला नगरसेवक.

निवडणूक का अडली?

73 वी आणि 74 वी घटनादुरुस्ती साफ सांगते, की ग्रामपंचायत असो वा महापालिका, पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे. पण 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने ओबीसी आरक्षणासाठी आकडेवारीची अट लावली. मग बांठिया आयोग आला. त्यात सरकार बदललं की प्रभागरचनाही बदलायची. आधी तीनचा प्रभाग, मग पुन्हा चारचा. प्रकरण कोर्टात, तारखेवर तारीख. शेवटी 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टानेच निवडणुका घ्यायला सांगितलं.

आरक्षणाचा प्रश्न खराच होता. पण तो सुटेपर्यंत निवडणूक लांबली याची घाई कुठल्याच पक्षाला दिसली नाही. पुणे झेडपी आणि पंचायत समित्यांवरही मार्च 2022 पासून प्रशासकच होते.

फरक काय पडला?

काही जण म्हणतात, प्रशासक बरा, कामं पटापट होतात. नगरसेवकांच्या काळातली टक्केवारी कोण विसरलंय? त्यात तथ्य आहे. पण प्रशासकाच्या काळात बजेट मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. विरोधात हात वर करायला सभागृहात कोणी नाही.

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी भागात जीबीएसची साथ आली. पुणे परिसरात रुग्ण दोनशेवर गेले, संशय पाण्यावर होता. यातली बरीच वस्ती नव्याने आलेल्या गावांचीच. नगरसेवक असता तर साथ टळली असती, असं नाही. पण पाण्याची तक्रार सभेत मांडणारा, जाब विचारणारा कोणीतरी असता. टॅक्सच्या बाबतीतही तेच. गावांना दाद मागायला मुंबईत मंत्र्यांकडे जावं लागलं.

कायदा आहे, सवय नाही

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. नेपाळमध्ये 2002 पासून 2017 पर्यंत, पंधरा वर्षं स्थानिक संस्था लोकप्रतिनिधींविना होत्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत बजावलं होतं, की घटनेची नीतिमत्ता लोकांत आपोआप येत नाही, ती रुजवावी लागते. विधानसभा, लोकसभा वेळेवर होते, कारण ती चुकली तर गदारोळ होईल. महापालिका, झेडपी चार वर्षं अडली तरी ना मोर्चा, ना बंद. राज्यकर्त्यांनी त्यातून काय धडा घ्यायचा तो घेतला.

शहर वाढतंय. उद्या हवेली, मुळशीतली आणखी गावं हद्दीत जातील. गाव हद्दीत घेताना त्या गावाचा प्रतिनिधी कधी निवडला जाणार, याची तारीखही त्याच आदेशात असावी, अशी मागणी गावांनी आत्ताच लावून धरायला हवी. आणि जिथे ग्रामपंचायत अजून आहे, तिथे ग्रामसभेचा कोरम भरतो का, की सह्या घरोघर फिरतात, हेही एकदा बघावं. प्रशासकाला जाब विचारता येत नव्हता. सरपंचाला येतो, पण विचारणारा सभेला हजर पाहिजे.