‘सापडले’ या क्रियापदाआड दडवलेली मेरी ॲनिंग

#थ्रेड

१/ इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजिसच्या मेरी ॲनिंगची (१७९९–१८४७) कथा बहुधा अशी सांगितली जाते: गरीब सुताराची मुलगी, सोबत कुत्रा, वादळ ओसरले आणि नशिबाने तिला जीवाश्म सापडले. कथा गोड आहे, पण अन्यायकारक आहे. नशिबाचे नाव पुढे करून तिचे ज्ञान झाकले जाते.

२/ तो किनारा कुणालाही फुकट काही देत नाही. चुनखडी आणि ठिसूळ शेल यांच्या थरांचे ते कडे सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचे. हिवाळी वादळांत दरडी कोसळतात, हाडे उघडी पडतात आणि लाटा तीच हाडे फोडून वाहून नेतात. १८३३ साली अशाच दरडीखाली तिचा कुत्रा गाडला गेला; ती थोडक्यात वाचली.

३/ पहिली कसोटी ओळखण्याची. चिखलातून डोकावणारा मणका माशाचा की सरीसृपाचा, हे न कळल्यास छिन्नी नको तिथे बसते. मेरीने शास्त्रीय निबंध हाताने उतरवून घेतले, मासे व माकूल चिरून शरीररचना अभ्यासली. हाड पाहताच ती त्याचे कुळ ओळखते, अशी नोंद १८२४ मध्ये तिला भेटलेल्या लेडी सिल्व्हेस्टर यांनी दैनंदिनीत केली आहे.

४/ दुसरी कसोटी जतनाची. समुद्राचे पाणी मुरलेला जीवाश्म वाळू लागला की आतल्या मिठाचे स्फटिक बनतात आणि ते त्याला आतून फोडतात. त्यात पायराइट असेल, तर दमट हवेत आम्ल तयार होऊन वस्तूचा भुगा होतो. मेरी हाडे चौकटीत सिमेंटने पक्की बसवी आणि मग त्यांची चित्रे काढी. हे हमालाचे काम नव्हे.

५/ शंका असेल, तर थॉमस हॉकिन्सचे उदाहरण पाहावे. १८३४ मध्ये ब्रिटिश म्युझियमने त्याचा संग्रह विकत घेतला. मग उघड झाले की सांगाड्यांतील उणे भाग प्लास्टरने भरलेले होते. प्रामाणिक जतन आणि देखणी बनवाबनवी यांतील अंतर येथे दिसते.

६/ मेरीवरही हा संशय आला. १८२३ मध्ये तिने काढलेल्या प्लेसिओसॉरची मान इतकी लांब होती की थोर शरीररचनाशास्त्रज्ञ क्युव्हिए यांना तो बनाव वाटला. संशय खरा ठरता, तर तिचे पोटच बुडाले असते. सांगाडा कसोटीला उतरला. क्युव्हिए यांना मत बदलावे लागले.

७/ फेब्रुवारी १८२४ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत कॉनिबेअर यांनी त्यावर निबंध वाचला. मेरीचे नाव त्यात नव्हते.

८/ बचाव ठरलेला: वर्णन केले ते विद्वानांनी, तिने केवळ उकरून काढले. कॉनिबेअर यांची विद्वत्ता कुणी नाकारत नाही. पण इक्थिओसॉरच्या पोटाच्या जागी आढळणाऱ्या विचित्र खड्यांकडे लक्ष कुणाचे गेले? मेरीचे. ते प्राण्यांच्या विष्ठेचे जीवाश्म आहेत हे बकलंड यांनी १८२९ मध्ये मांडले, त्यांना ‘कोप्रोलाइट’ नाव दिले. निरीक्षण हेच विज्ञानाचे पहिले पाऊल असेल, तर ते पाऊल तिचे होते.

९/ त्या सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिले १९१९ मध्ये, मेरीच्या मृत्यूनंतर ७२ वर्षांनी.

१०/ म्हणून संग्रहालयातील पाटीवर ‘अमुक साली सापडले’ असे वाचताच प्रश्न करावा: कुणाला? ओळखले कुणी? भरतीच्या आधी सोडवले कुणी? कर्ता गाळलेले वाक्य व्याकरणाला चालते. इतिहासाला चालू नये.