पिशवीवर नसलेले हात

कृषी पदवीला मी बियाणे उद्योगाचा इतिहास पाठ केला. १९६३ साली राष्ट्रीय बियाणे महामंडळ, १९६६ चा बियाणे कायदा, १९७० मध्ये सुरतहून आलेला एच-४ हा संकरित कापूस, १९८८ च्या धोरणानंतर फोफावलेल्या कंपन्या. परीक्षेला तेवढं पुरलं.

पण संकरित कापसाचं हे बियाणं हातानं करावं लागतं. संध्याकाळी कळी सोलून पुंकेसर काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग चोळायचे. एकेक फूल, असे कित्येक आठवडे. उत्तर गुजरातेत डुंगरपूरकडून आलेल्या आदिवासी मुलांनी, आंध्रात दलित-बहुजन मुलींनी शाळा बुडवून हे केलं. (आमच्या पुस्तकात ‘मजूर’ एवढाच शब्द.) पिशवीवर मात्र उगवणशक्तीची टक्केवारीसुद्धा छापतात.

आपल्यातले कितीतरी आता याच कंपन्यांत नोकरीला लागतायत. रुजू झालात की विचारा: परागीकरण कोण करतं, वय काय, रोज किती?