मिलिटरीची गाडी घेतली, पण ब्रेक कुठला आहे?



ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, खत, पाणी यांवर लिहावे, गाडीच्या ब्रेकशी त्याचा काय संबंध, असे काहीजण म्हणतील. आम्ही शेतकीचे पदविकाधारक, गॅरेजचे नव्हे, हे कबूल. पण फडात तोडलेला ऊस गव्हाणीत पडेपर्यंत त्याची काळजी आमच्याकडे असते, आणि तो आणणारे ड्रायव्हर-क्लीनर ही आपल्याच गावातली पोरे असतात. म्हणून हंगामाच्या तोंडावर हा विषय काढला आहे.

लष्कराने काढून टाकलेल्या गाड्या लिलावात घेण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जीएमसीचे अडीच टनी ट्रक पाच लाखांवर बनवले. पुढे १९५९ पासून जबलपूरला जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक तयार होऊ लागला. निसानची एकटनी आणि जोंगा याही जबलपूरच्याच. आता अशा गाड्या थोड्या उरल्या आहेत, पण ज्याच्याकडे आहे तो सोडायला तयार नसतो. कारण उघड आहे. काळ्या रानात, ओल्या फडात जिथे साधी गाडी रुतून बसते, तिथून चारही चाकांना जोर असलेली ही गाडी ऊस डांबरीवर आणून देते. गाडी दणकट आहे याबद्दल आमचे दुमत नाही. प्रश्न ती थांबते का, एवढाच आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामातली गोष्ट. भरलेली मिलिटरी गाडी उतारावरून गाडीतळाकडे येत होती. ड्रायव्हर जाणता होता, पण त्याचा हात बसलेला होता पूर्ण हवेच्या ब्रेकवर. समोरच्या काट्यावर हवेचा दाब पुरा दिसत होता, म्हणून तो निर्धास्त होता. पुढे बैलगाड्यांची रांग दिसली, त्याने पाय दाबला आणि पाय थेट फळीला टेकला. त्याने गाडी कडेच्या खोडव्यात घातली. माणसे वाचली, एका गाडीचा बैल मात्र कायमचा लंगडा झाला. नंतर पाहिले तर हवा होती, ब्रेक ऑइलची टाकी कोरडी होती. ती टाकी ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आम्हीही त्या गाडीला तोडणीची चिठ्ठी देताना कधी विचारले नव्हते. ती चूक आमच्या पदरात आहे.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे ब्रेक ओळखणे. गाडीच्या नावावरून ओळखू नका. तीस-चाळीस वर्षांत कोणी एक्सल बदलला, कोणी इंजिन बदलले. ओळख चाकापाशी बसून करावी. चाकाच्या आतल्या बाजूला एक्सलवर मोठा गोल डबा असेल, त्यातून दांडी निघून लिव्हर ढकलत असेल, तर तो पूर्ण हवेचा ब्रेक. डबा नसून बारीक नळी थेट ड्रमच्या मागच्या पत्र्यात शिरत असेल, तर चाकापाशी ऑइलचा ब्रेक आहे. मग ती नळी मागे मागे पाहत जावे. वाटेत काही मदतनीस नसेल, तर साधा ऑइल ब्रेक, जुन्या जीपसारखा. वाटेत बूस्टर असून त्याला इंजिनच्या मॅनिफोल्डकडून नळी आली असेल, तर व्हॅक्यूमची मदत, जशी जीएमसीला होती. आणि बूस्टरला हवेच्या टाकीकडून नळी आली असेल, तर हवेने ऑइल ढकलणारा ब्रेक. वरच्या अपघातातली गाडी या शेवटच्या जातीची.

हे ओळखणे का महत्त्वाचे? प्रत्येकाचे दुखणे वेगळे दिसते म्हणून. पूर्ण हवेच्या ब्रेकला दाबाचा काटा खाली आला की धोका कळतो. हवेने ऑइल ढकलणाऱ्या ब्रेकला काटा पुरा दिसेल आणि ऑइल नसेल तर ब्रेक शून्य. तिथे काट्यावर भरवसा म्हणजे रिकाम्या विहिरीवरची चालू मोटार. व्हॅक्यूमच्या ब्रेकची मदत गेली की पॅडल दगडासारखे घट्ट होते. ब्रेक लागतो, पण सारे अंग घालावे लागते. त्यात आपल्याकडे पेट्रोल परवडत नाही म्हणून अनेकांनी डिझेल इंजिन बसवले. डिझेल इंजिनच्या मॅनिफोल्डला तसा व्हॅक्यूम मिळत नाही. वेगळा व्हॅक्यूम पंप बसवला नसेल, तर बूस्टर नुसता लोंबकळणारा डबा आहे. परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पॅडल मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल किंचित खाली गेले तर बूस्टर जिवंत आहे.

आणखी एक गोष्ट मनावर घ्या. या जुन्या ऑइल ब्रेकच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडरपासून चारही बाजूंना एकच वाट असते. एक नळी फुटली की सगळी चाके मोकळी. नव्या गाड्यांत दोन वाटा असतात, एक गेली तरी दुसरी थांबवते. जुन्या गाडीला दुसरी संधी नाही.

आता निगा. ब्रेक ऑइल हवेतले पाणी ओढून घेते. डॉट तीन जातीचे ताजे ऑइल कमीत कमी २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, पण पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापला की ते उकळते, नळीत वाफ होते आणि पॅडल स्पंजासारखे होते. म्हणून हंगामापूर्वी ऑइल बदलावे आणि चाकाचाकाची हवा काढावी. ऑइल कमी झाले म्हणून इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल ओतणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्याने रबरी वॉशर फुगतात, ब्रेक चिकटतो आणि एक दिवस सुटतो. तसे झाले असेल तर नुसते ऑइल बदलून भागत नाही, सगळे रबर बदलावे लागते. सिलिकॉनचे डॉट पाच हे साध्या ऑइलमध्ये मिसळू नये. डॉट पाच पॉइंट एक मात्र साध्याच जातीचे, नावाने फसू नका.

हवेच्या टाकीतले पाणी रोज संध्याकाळी तळाच्या कॉकने सोडावे. दाब भरून इंजिन बंद करावे, पॅडल दाबून धरावे आणि कान देऊन फुस् आवाज कुठे येतो ते ऐकावे. पाटातून गाडी काढली तर ड्रम भिजतात, तेव्हा पुढे हळू चालवत ब्रेक अधूनमधून दाबून सुकवावा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ती धूळ हवेने फुंकू नका, छातीला घातक असते, ओल्या फडक्याने पुसा. आणि गाडीखाली शिरण्यापूर्वी चाकांना उटी लावा, हँडब्रेकवर जीव टाकू नका.

एवढे केले तरी ओझ्यापुढे ब्रेक हरतो. सैन्याने अडीच टन म्हटले ते रानवाटेचे वजन. डांबरीवर त्याहून जास्त चालत असेल, पण आपण मोळ्यांवर मोळ्या रचून वर दोर आवळतो, त्याला काही सुमार? वजन दुप्पट झाले की थांबवायची ताकद दुप्पट लागते, आणि वेग दुप्पट झाला की चौपट. ड्रम मात्र तेवढाच राहतो. याला मालक एकटा जबाबदार नाही. वाहतुकीचा दर टनावर मिळतो, त्यामुळे खेप भारी करण्याचा मोह आपल्या हिशेबातच आहे. हे आम्ही नोकरीत राहून लिहितो आहोत, पण लिहिणे भाग आहे.

आमचे स्पष्ट मत असे, की ब्रेक तपासल्याशिवाय कोणत्याही जुन्या गाडीला वाहतुकीचा करार देऊ नये. हंगामापूर्वी कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये दोन दिवस ठेवावेत, ब्रेकची जात आणि ऑइलची टाकी कुठे आहे हे रंगाने दारावर लिहावे. ज्याच्याकडे पैसा नाही त्याला लायनर-रबराचा खर्च उचल म्हणून द्यावा आणि बिलातून हप्त्याने कापावा. आठ वर्षांवरील व्यापारी वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र लागते, ते आहे ना, असे कोणी म्हणेल. ते हवेच, पण प्रमाणपत्र तपासणीच्या दिवशीचे असते आणि गाडी चार-पाच महिने ओझ्याखाली पळते. तोडणी खोळंबेल हाही आक्षेप येईल. ऊस एक दिवस उशिरा आला तर वजनात थोडी घट येते, ती पुढच्या वर्षी भरून निघते. गेलेले माणूस भरून निघत नाही.

लिलावात गाडी स्वस्त मिळते म्हणून हुरळून जाऊ नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे ब्रेकचा खर्च ऐकून काहीजण म्हणतात. आम्ही म्हणतो, बारा आणे ज्याला जमत नाहीत त्याने कोंबडीच घेऊ नये. या रविवारी गाडीखाली एक गोणपाट टाका, चाकापाशी बसा आणि नळी कुठे जाते ते स्वतः पाहा. ड्रायव्हरच्या पोरालाही शेजारी बसवा.



आपला,
ऊस विकास अधिकारी