स्पीड ओरडून विकता, मग पिंग का लपवता?

टेंभी नाक्यावरून स्टेशनकडे चालत जा. जागा मिळेल तिथे इंटरनेटची जाहिरात. १०० एमबीपीएस, २०० एमबीपीएस, इन्स्टॉलेशन फुकट. वर काळ्या वायरींची जाळी लोंबकळतेय आणि घरात पोरगं प्लेस्टेशनवर ओरडतंय, "लॅग आला, मेलो!"

आई-बाप म्हणतात, खूळ कमी कर. कंपनीला फोन केला तर उत्तर ठरलेलं, "मोठा पॅक घ्या साहेब." मलाही हेच ऐकवलं. नाही घेतला.

कारण खेळताना गेमला एक एमबीपीएससुद्धा क्वचित लागतो. प्रश्न वेळेचा आहे. बटण दाबल्याचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला जो वेळ लागतो तो पिंग, मिलिसेकंदांत मोजतात. एका वेळी किती माल जातो ते एमबीपीएस सांगतं. निरोप कधी पोचतो ते सांगत नाही.

स्लो लाइनवर खरा घोळ रांगेचा असतो. ताईच्या मोबाइलचे फोटो क्लाउडवर चढत असतात, बाबांचं टीव्हीवर काहीतरी चालू असतं. राउटर सगळं रांगेत लावतो आणि पोराचा एवढासा निरोप त्या बोचक्यांच्या मागे उभा राहतो. पॅक कितीही मोठा घ्या, अपलोड चिमूटभर असेल तर रांग लागणारच.

म्हणून आधी फुकटातले उपाय करा. राउटरपासून कन्सोलपर्यंत सरळ लॅन केबल टाका. आपल्या दाटीच्या इमारतींत २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या दहा घरांचे वायफाय एकमेकांत घुसलेले असतात. केबल शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झ. फोटोंचा बॅकअप आणि गेमचे अपडेट रात्री झोपताना लावा. राउटरमध्ये क्यूओएस असेल तर अपलोड-डाउनलोडची मर्यादा लाइनच्या खऱ्या स्पीडपेक्षा दहा-पंधरा टक्के कमी ठेवा. रांग तिथेच आटोक्यात येते.

एवढं करूनही रात्री दहाला पिंग उडत असेल, तर दोष घरातला नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल तर समजू शकतो. जवळपास चार हजार किलोमीटर, प्रकाशालाही फायबरमधून जाऊन यायला ४० मिलिसेकंद लागतात. पण मुंबईतल्या सर्व्हरला शंभर? कळवा-विटावा ओलांडलं की ऐरोली, तिथे डेटा सेंटरांचे डोंगर उभे आहेत. आणि आपला निरोप गल्लीतल्या एकाच लाइनवर अख्ख्या आळीबरोबर अडकतो.

नियम काय सांगतात बघा. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची किमान मर्यादा ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केली. ती फक्त डाउनलोडची. अपलोड आणि पिंगबद्दल त्या व्याख्येत अवाक्षर नाही. ट्रायने सेवेच्या दर्जाच्या २०२४ च्या नियमांत लेटन्सी, जिटर, पॅकेट ड्रॉप सगळं घेतलंय. ते निकष कंपन्या ट्रायला कळवतात. नाक्यावरच्या फलकावर कधी दिसले?

२०२५ मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन गेम बंद करताना ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. मान्यता दिल्लीत, लाइन मात्र गल्लीतल्या माणसाच्या मेहेरबानीवर.

आता सोसायट्या. किती इमारतींत "आपल्याकडे हाच चालतो" म्हणून दुसऱ्या कंपनीला गेटवरूनच परत पाठवतात? कमिटीत कोण बसलंय आणि केबलवाला कोणाचा माणूस, हे ठाणेकरांना मी नव्याने सांगायला नको. दुसरा पर्याय दारात येत नाही तोवर पहिला सुधारणार नाही. आणि हा फक्त पोरांचा प्रश्न नाही हो, ऑफिसचा व्हिडिओ कॉल याच रांगेत गोठतो.

तेव्हा पुढच्या एजीएममध्ये विषय लेखी द्या: दुसऱ्या कंपनीला डक्टमधून वायर टाकायला परवानगी. नकार आला तर कारण इतिवृत्तात लिहून घ्या. आणि आज रात्री दहाला पिंग मोजून, इमारतीचं नाव न लिहिता, फक्त भाग आणि आकडा खाली टाका. टेंभी नाका, चरई, खारकर आळी, सगळ्यांचे येऊ द्या. आकडे जमले की कंपन्यांकडे घेऊन जातो.