वेरूळचं नाव यादीत घालणारी समिती



वेरूळच्या सहलीची तयारी चालू होती. पाचवीच्या मुलांना मी सांगितलं, "ही लेणी जागतिक वारसा यादीत आहेत." एका मुलीने विचारलं, "मॅडम, लेणी आपली, मग यादी कोण करतं?" युनेस्कोची स्थापना १९४५, मुख्यालय पॅरिस, एवढं मला पाठ होतं. निर्णय कसा होतो, ते मात्र सांगता येईना.

मग घरी बसून वाचलं. १९७२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा करार मंजूर केला. भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला. या करारानुसार २१ देशांची एक समिती असते. करारात सामील झालेले देशच तिचे सदस्य निवडून देतात. एखाद्या स्थळाचा प्रस्ताव त्या त्या देशाने पाठवायचा, इकोमॉस ही तज्ज्ञांची संस्था तो तपासणार, आणि शेवटी समिती निर्णय घेणार. १९८३ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ही समिती बसली. अजिंठा, वेरूळ, ताजमहाल आणि आग्र्याचा किल्ला ही भारतातली पहिली चार नावं तेव्हाच यादीत आली.

आता प्रश्न असा, की या समितीकडे ना पोलीस, ना तुरुंग. मग तिचं ऐकतं कोण? हम्पीजवळ पूल बांधायला घेतले, तेव्हा १९९९ मध्ये हम्पीचं नाव 'धोक्यातील वारसा' यादीत गेलं. आपण सुधारणा केल्या आणि २००६ मध्ये ते त्या यादीतून निघालं. जर्मनीतल्या ड्रेस्डेनने मात्र पुलाचा हट्ट सोडला नाही. २००९ मध्ये त्याचं नावच वारसा यादीतून काढलं गेलं. आंतरराष्ट्रीय कायदा बराचसा असा चालतो. देशाने आपणहून शब्द दिलेला असतो, आणि तो मोडला तर चारचौघांत मान जातो.

इथे राजकारण नसतं, असं मी म्हणणार नाही. तज्ज्ञांची शिफारस एक आणि समितीचा निर्णय वेगळा, असंही घडतं. सदस्य देशांचा पाठिंबा मिळवायला राजनैतिक अधिकारी धडपडतात. २०२५ मध्ये शिवरायांच्या काळाशी जोडलेले १२ किल्ले यादीत आले, त्यातले ११ महाराष्ट्रातले. आपण आनंद केला, पण त्यामागची कागदपत्रं, पाहणी आणि चर्चा किती जणांनी मुलांना सांगितली?

माझं स्पष्ट मत आहे, की आपण मुलांकडून संस्थांची नावं पाठ करून घेतो, काम शिकवत नाही. मी वर्गात एक प्रयोग केला. तीन गट केले. एकाने गावातल्या जुन्या विहिरीचा प्रस्ताव लिहिला, दुसरा गट तज्ज्ञ झाला, तिसरा समिती. तज्ज्ञांनी विचारलं, "विहीर किती जुनी? कुणाला विचारलंत?" उत्तर नव्हतं. समितीने प्रस्ताव परत पाठवला. दोन दिवसांनी मुलं गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडून माहिती घेऊन आली!

आता पालकांसाठी. अशीच एक समिती आपल्या शाळेत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पण पुष्कळदा काय होतं? बैठकीला चार जण, आणि मग रजिस्टर घरोघरी सहीला फिरतं. "मॅडम, कुठं सही करू तेवढं सांगा." आम्ही शिक्षकही बोट ठेवून जागा दाखवतो. चूक दोघांची आहे.

मुलं हे बघत असतात. समिती म्हणजे नुसती सही, हे घरी शिकलेल्या मुलाला २१ देश एका टेबलाशी बसून काय करतात, ते कसं पटावं? म्हणून विनंती आहे. पुढच्या बैठकीला या, एक तरी प्रश्न विचारा आणि इतिवृत्त वाचूनच सही करा. आणि शिक्षकांनो, वाचायला वेळ द्या.